शिंगं दोघांनाही, पण भाऊबंद आहेत का?

माळावरची
आम्ही इंग्लंडमध्ये सरे भागात राहतो. जवळच थर्स्ली कॉमन आहे. वाळूची जमीन, हेदरची गुडघाभर झुडपं, मधूनच ओक आणि ब्लॅकबेरीच्या जाळ्या. मार्चमध्ये तिथल्या पायवाटेवर सशाच्या लेंड्यांपाशी एक काळा चकचकीत भुंगा दिसला. पुढे तीन शिंगं, मधलं आखूड. काल लेकीनं ब्लॅकबेरीच्या फांदीवरचा एक काटा बोटानं टोकरला, तर काटा टुणकन उडाला! जेमतेम सेंटीमीटरभर, तपकिरी, दोन बाजूंना कानांसारखी शिंगं. ती म्हणते, हे त्या भुंग्याचं पिल्लू. मला पटत नाही आणि तिला पटवता येत नाही.

शेणकिडा
लेकीला सांगा, पंख फुटलेला किडा पुढे वाढत नाही. काळा तो मिनोटॉर बीटल, आपल्या शेणकिड्यांचा लांबचा नातलग. उडाला तो सेंट्रोटस कॉर्न्युटस नावाचा ट्रीहॉपर, तुडतुड्यांच्या गोतातला. पुन्हा सापडला तर अलगद उलटा करून तोंड बघा. भुंग्याला जबडे असतात. याला पोटाखाली दुमडलेली सोंड, झाडाचा रस ओढायला. शिवाय भुंग्याची अळी आधी कोषात जाते, मग भुंगा होते. याचं पिल्लू कात टाकत टाकतच मोठं होतं, कोषाची भानगड नाही.

गंमत वेगळीच आहे. दोघांचीही शिंगं डोक्यावर नाहीतच! डोक्यामागच्या ढालीवर, म्हणजे छातीच्या पहिल्या खंडावर उगवलेली. भुंग्यात ती नराला, बिळासाठी दुसऱ्या नराशी झुंजायला. ट्रीहॉपरमध्ये नर-मादी दोघांनाही.

बांधावरून
आमच्या नगरकडे बाभळीच्या कोवळ्या फांदीवर असलेच काटे ओळीनं बसतात. ऑक्सिऱ्हॅकिस नावाचे ट्रीहॉपर. फांदीवर मुंगळ्यांची ये-जा दिसली की समजायचं. हे रस पितात आणि गोड चिकट थेंब सोडतात, मुंगळे ते चाटतात. शेळ्यांना पाला काढताना हात लागला की टुण टुण टुण. खरे काटे मात्र तिथेच राहायचे, आमच्या बोटात.

माळावरची
फोटो मोठा करून पाहिला. खरंच की, शिंगं डोक्याच्या मागून निघालीत! मार्चमध्ये तो काळा भुंगा दिसला, त्याच दिवशी शेजारच्या बिळाच्या तोंडाशी एक बिनशिंगाचा भुंगा होता. मी वेगळी जात समजून फोटोसुद्धा काढला नाही.

शेणकिडा
ती त्याची बायको हो. मीटरभर खोल बीळ तीच खणते. हा वरून लेंड्या पोचवतो.