जॉर्जेट हेयर: रीजन्सी नेमकी कुठून सुरू होते?

प्रश्न:
इंग्लिश कादंबरीकार हेयरला रीजन्सी प्रणयकथेची जननी म्हणतात. पण 'द ब्लॅक मॉथ' (१९२१) आणि 'दीज ओल्ड शेड्स' (१९२६) यांत रीजन्सी कुठेच सापडत नाही. मग ती आली कधी? आणि पुस्तकं कुठल्या क्रमाने वाचावीत?

प्रतिसाद १:
सापडणार नाहीच, त्या दोन्ही अठराव्या शतकात घडतात. रीजन्सी म्हणजे १८११ ते १८२०. ब्रिटनचा राजा तिसरा जॉर्ज आजारी होता आणि त्याच्या नावाने युवराज कारभार बघत होता. या काळात हेयर शिरली ती 'रीजन्सी बक'मध्ये, १९३५ साली.
क्रम: 'दीज ओल्ड शेड्स', 'डेव्हिल्स कब', 'रीजन्सी बक', 'ॲन इन्फेमस आर्मी'. चौथं आधी उचललं तर त्याची नायिका बार्बरा कुणाची नात, हे उमगत नाही. शिवाय त्यात नेपोलियनविरुद्धची वॉटर्लूची लढाई इतकी बारकाईने आहे की निव्वळ प्रेमकथेसाठी आलेला वाचक तिथेच अडकतो.

प्रतिसाद २:
क्रम बरोबर, पण नव्या वाचकाने या साखळीने सुरुवात करू नये. आधी 'फ्रेडरिका' (१९६५) किंवा 'द ग्रँड सोफी' (१९५०) घ्या. हेयरची पात्रं त्या काळची जुगाराची, घोड्यांची, मुष्टियुद्धाची बोली बोलतात. दर ओळीला शब्दकोश उघडलात तर विनोद हातून निसटतो. वाचत राहा, संवादाच्या ओघात अर्थ लागतो. 'सोफी'तल्या ज्यू सावकाराचं चित्रण मात्र द्वेषाचं आहे आणि खटकतं.

प्रतिसाद ३:
थोडं हेयरच्या आयुष्याबद्दल. जन्म १९०२, लंडनजवळचं विंबल्डन. पहिली कादंबरी तिने हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) असलेल्या भावाच्या, बॉरिसच्या, करमणुकीसाठी रचली. १९२५ मध्ये वडील अचानक गेले, त्याच वर्षी खाण अभियंता रोनाल्ड रूजिएशी लग्न झालं. धाकट्या भावांचा भार तिच्यावर आला. त्यामुळे लेखन हा तिच्यासाठी छंद नव्हता, त्यावर घर चालायचं. 'द मास्करेडर्स' तर आफ्रिकेतल्या टांगानिकात (आजचा टांझानिया) लिहिली. पुढे नवरा बॅरिस्टर झाला. तिच्या १२ रहस्यकथांपैकी बऱ्याच कथानकांची आखणी त्याची.
'दीज ओल्ड शेड्स' ब्रिटनमधल्या १९२६ च्या सार्वत्रिक संपात निघाली. ना जाहिराती, ना परीक्षणं, तरी १,९०,००० प्रती खपल्या. प्रसिद्धीची गरजच नाही, अशी तिची खात्री तिथे पटली आणि पुढे तिने मुलाखती दिल्या नाहीत. समकालीन जीवनावरच्या चार सुरुवातीच्या कादंबऱ्याही तिने पुन्हा छापू दिल्या नाहीत. १९७४ मध्ये ती गेली, तेव्हा मृत्युलेखांतून बहुतेक वाचकांना तिचं लग्नानंतरचं नाव पहिल्यांदा कळलं.