मायक्रोमोनासचा वर्ग कोणता?

मायक्रोमोनास हा समुद्रातला अतिसूक्ष्म हिरवा शैवाल-जीव काही ठिकाणी 'प्रासिनोफायसी' वर्गात टाकलेला दिसतो. जुन्या पुस्तकांत तसंच आहे, पण तो वर्ग म्हणजे अडगळीची खोली होती. परस्परांशी फारसं नातं नसलेली शैवालं तिथे कोंबलेली. 2010 पासून मायक्रोमोनास 'मॅमिएलोफायसी' या वर्गात मोडतो. गंमत म्हणजे 1952 मध्ये शैवालतज्ज्ञ बुचरने याला सोनेरी शैवाल समजून 'क्रोम्युलिना पुसिला' नाव दिलं होतं! 1960 मध्ये मँटन आणि पार्क यांनी त्याला हिरव्यांत आणून बसवलं. जेमतेम दोनेक मायक्रॉनचा जीव, पोहण्यासाठी शेपटीसारखी एकच कशाभिका, अंगावर खवलेही नाहीत. नुसतं बघून काय ओळखणार? पुढे जनुकक्रम तपासल्यावर एकट्या 'पुसिला' जातीतून कमोडा, ब्राव्हो आणि आर्क्टिकमधली पोलॅरिस अशा वेगळ्या जाती निघाल्या. त्यामुळे जुन्या नोंदींतली 'पुसिला' नेमकी कुठली, हे नुसत्या नावावरून कळत नाही.