पावतीवरचा जिमखाना : कॉलेजच्या 'इतर फी'चे तुमचे अनुभव

माळ्यावरची_ट्रंक
परवा लेकीची बी.एस्सी.ची अ‍ॅडमिशन झाली. मोबाईलवरची पावती मोठी करकरून वाचत होतो. जिमखाना, युवा महोत्सव, नियतकालिक, विद्यार्थी साहाय्य निधी, ओळखपत्र... ती म्हणाली, "बाबा, सगळेच भरतात, स्क्रोल करा नुसतं."

मला १९८८ चं साताऱ्याचं काउंटर आठवलं. जुलैची झड, निथळणाऱ्या छत्र्या, जाळीमागं क्लार्क. ईबीसी (आर्थिकदृष्ट्या मागास) असल्यानं ट्यूशन फी माफ, 'इतर फी' मात्र रोख. जिमखाना पंधरा रुपये. वडील एसटीत मेकॅनिक. त्यांनी विचारलं, "ह्यात काय मिळतं?" क्लार्क म्हणाला, "जिमखाना." वडील म्हणाले, "ते वाचलं. मिळतं काय?"

मिळाली ती एक बॅट. मुठीला सुतळी गुंडाळलेली. पॅडचा एकच पट्टा शाबूत. बॉल आमचा आम्ही आणायचो. दुसऱ्या वर्षी मी सरांकडं हिशेब मागितला तर म्हणाले, "ते ऑडिटर बघतात, तुम्ही खेळा." म्हटलं, खेळायला बॅट द्या की. वर्षभर सर माझ्याशी बोलले नाहीत.

तुमचं काय? लिहा.

कृष्णाकाठची
तुम्हाला बॅट तरी मिळाली हो दादा. आम्हा मुलींना लेडीज रूममध्ये एक रिंग टेनिसची रिंग आणि क्वीन हरवलेला कॅरम. क्वीनच्या जागी ब्लाऊजचं बटण लावायचो. फी मात्र मुलांएवढीच.
कुकर झालाय, नंतर लिहिते.

भडंगवाला
बटण 😂😂 कव्हर लागायचं का?

कृष्णाकाठची
@भडंगवाला लागायचं तर! हुकाचं नव्हतं, टिचबटण होतं.

वर्गात_पहिला
आमच्या वेळी १९९४ च्या विद्यापीठ कायद्यानं कॉलेजातल्या विद्यार्थी निवडणुका गेलेल्या. मार्क जास्त म्हणून मी सी.आर., म्हणजे वर्गप्रतिनिधी. काम काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, सही करायची एवढं कळलं.
संमेलनाच्या संध्याकाळी सरांनी स्टाफरूमच्या दारात व्हाउचर पुढं केलं. 'नाश्ता, ४०० प्लेट.' रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवलेला. द्रोण मीच वाटले होते, चिवडा आणि एक बालूशाही. दीडशे होते. पेनही सरांचंच. प्रॅक्टिकलचे मार्क त्यांच्याच हातात. केली सही.
ही गोष्ट बायकोलाही सांगितलेली नाही, इथं सांगतोय.

यवतेश्वर_घाट
@वर्गात_पहिला मनाला लावून घेऊ नका. अठराव्या वर्षी कुणीही केली असती.
बाकी २०१६ च्या नव्या कायद्यात निवडणुका परत आल्या म्हणे. २०१९ ला होणार म्हणून केवढा गाजावाजा, मग पुढं ढकलल्या. माझ्या पुतण्यानं तर कुर्ता शिवून ठेवलेला.

जाळीमागचा
मी जाळीच्या आतला माणूस. ३१ वर्षं. (साताऱ्यातला नव्हे, वडिलांचा राग माझ्यावर नको.)
हिशेब करा. ९०० मुलं गुणिले पंधरा, साडेतेरा हजार. त्यात कबड्डी, खो-खोच्या टीम कोल्हापूरला न्यायच्या, भत्ता, गाडीभाडं, नेट, मैदानाला रोलर. सुतळी त्यामुळंच. सगळेच खाणारे नव्हते.
पण प्रत्येक फीचं लेजरला वेगळं पान असतं, आणि जिमखान्याच्या पानावरून 'तात्पुरती उसनवार' म्हणून संडासाची दुरुस्ती झालेली मी स्वतः लिहिलीय. परतफेडीची नोंद लिहायची वेळ आली नाही. पानं मुलांना दाखवायला हरकत काय होती? काहीच नाही. पण मागणारा आला की त्याला 'पुढारी' म्हणायचे.

हळदगाठ
आमच्या सांगलीकडं भाच्यानं माहिती अधिकारात मागितलं. कॉलेज अनुदानित, त्यामुळं कायदा लागू. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज. तीस दिवस गप्प. मग पहिलं अपील, तेव्हा कुठं बोलावणं आलं. पहिल्या अर्जात ह्यानं 'सर्व खर्चाची माहिती' मागितली होती, ती चूक. नंतर नीट लिहिलं: नियतकालिक फी, अमुक तीन वर्षं, जमा किती, खर्च किती, छपाईच्या बिलांची प्रत, आणि रजिस्टर प्रत्यक्ष बघायचंय.
तीन वर्षं फी जमा, अंक एकही नाही! पैसे शिल्लक होते हं, कुणी खाल्ले नव्हते. पडून होते. पुढच्या वर्षी जाडजूड अंक निघाला, त्यात भाच्याची कविता. ती वाचून वाटलं, नसता निघाला तरी चाललं असतं.

भडंगवाला
कविता टाका इथं.

हळदगाठ
नको. धागा बंद पडेल.

कृष्णाकाठची
आले परत. लायब्ररी डिपॉझिट कुणी परत घेतलंय का? आमचं राहिलंच. मूळ पावती आणा म्हणाले, आणि पावत्यांची पिशवी २०१९ च्या पुरात गेली. लग्नाचा अल्बमपण त्याच कपाटात होता.

यवतेश्वर_घाट
अरेरे ताई. पाणी कुठवर होतं तुमच्याकडं?

कृष्णाकाठची
माळ्यापर्यंत. अल्बम दिराकडच्या फोटोंवरून पुन्हा केला. डिपॉझिट राहू दे.

जाळीमागचा
@कृष्णाकाठची पावती नसली तरी जनरल रजिस्टरला नाव असतं. हमीपत्र लिहून देऊन बघा. शंभर रुपयांसाठी नाही, रजिस्टर उघडायला लावा जरा.

माळ्यावरची_ट्रंक
लेकीला सगळा धागा वाचून दाखवला. बटणाला हसली. मग म्हणाली, "तुम्ही नका करू अर्ज, फी माझी आहे, मी करते." दहाचं तिकीट कुठं मिळतं विचारतेय.

हळदगाठ
कोर्टाबाहेर स्टॅम्प व्हेंडरकडं. सुट्टे घेऊन जायला सांगा.