आई दर आठवड्याला फोनवर रीडिंग करणाऱ्या बाईंना पैसे भरतेय, कसं थांबवू?

कृष्णाकाठचा
नमस्कार मंडळी. सांगलीत विश्रामबागला राहतो. दिवाळीच्या आधी बाबा अचानक गेले, अ‍ॅटॅकनं. मी दिवसभर मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर हिशेबाला, बायको शाळेत, त्यामुळं आई घरी एकटीच असते. फेब्रुवारीत तिनं कुठली तरी जाहिरात बघून एका अ‍ॅपवर टॅरो रीडिंग, म्हणजे चित्रांचे पत्ते काढून भविष्य सांगणाऱ्या बाईंशी बोलायला सुरुवात केली. पहिली 5 मिनिटं फ्री, मग मिनिटाला 30 रुपये. मला वाटलं चार दिवस बोलेल, मन हलकं होईल, सोडून देईल.

आता त्या बाई म्हणतात बाबा त्यांच्यामार्फत बोलतात. परवा पासबुक भरून आणलं तर 5 महिन्यात 1,46,000 गेलेत आणि त्यातले शेवटचे 51,000 तर अ‍ॅपवर पण नाहीत, डायरेक्ट बाईंच्या यूपीआयवर, अडकलेला आत्मा सोडवायच्या विधीसाठी म्हणून. पैशाचं एक सोडा. गुडघ्याच्या ऑपरेशनची मिरजेत तारीख घेतली होती, ती तिनं आम्हाला न विचारता रद्द केली, का तर बाई म्हणाल्या यंदा शरीराला चाकू लावू नका. बाबा एस्टीत होते, आठ आठ दिवस बाहेर, त्या काळात माझ्या आईनं एकटीनं प्लॉट बघून, भाव करून घेतलाय. आणि आज दूधवाला बदलायचा का हे पण फोनवर विचारती. मी एकदा लय बोललो तर आता फोनला लॉक लावून गच्चीवर जाऊन बोलती. काय करू कळंना.

मिरज_जंक्शन
दादा आधी पैशाची गळती बंद करा. यूपीआय अ‍ॅपमध्ये ऑटोपे चालू आहे का बघा, असेल तर बंद करा. 51 हजाराचा स्क्रीनशॉट, व्हॉट्सअ‍ॅपचे मेसेज, नंबर सगळं जपून ठेवा, काही डिलीट करू नका आणि 1930 ला फोन करून सायबरची तक्रार नोंदवा. जितकं लवकर कराल तितकं पैसे पुढं सरकायच्या आधी गोठवता येतात, उशीर झाला की अवघड. जादूटोणाविरोधी कायदा आपल्याकडं 2013 पासून आहे, 6 महिने ते 7 वर्षं शिक्षा आहे, पण नुसता ज्योतिषाचा सल्ला त्यातनं बाहेर ठेवलाय. भीती घालून, चमत्काराच्या नावानं पैसे काढले असतील तर मात्र पोलिसांना जरूर दाखवा. हे बारीक समजू नका. जून 2022 मध्ये म्हैसाळला एका कुटुंबातले 9 जण गेले, गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे घेणाऱ्या मांत्रिकानंच विष दिलं असं पोलिस तपासात पुढं आलं. आपल्याच तालुक्यातलं गाव आहे.

तासगावची_शिवणवाली
मी हेच काम घरबसल्या 7 महिने केलंय त्यामुळं सांगते, आधी आईंना मूर्ख समजू नका. नवा फोन आला की आवाजावरनं वय कळतं, बाई माणूस, साठीची, दुपारच्या वेळी एकटी, म्हणजे बहुतेक मिस्टर गेलेले नाहीतर मुलाशी पटत नाही. मग हळूच म्हणायचं, घरातलं कुणीतरी जवळचं दिसतंय, छातीशी काहीतरी त्रास. त्या वयात बऱ्याच जणांचं तेच असतं, समोरची रडायला लागती आणि पुढचं सगळं स्वतःच सांगती. ते वहीत लिहून ठेवायचं, पुढच्या वेळी मला दिसलं म्हणून सांगायचं. फोन कधी पूर्ण संपवायचा नाही, काहीतरी अर्धं ठेवायचं, मंगळवारी परत लावा स्पष्ट दिसेल असं. आम्हाला मिनिटावर पैसे मिळायचे आणि तीच माणसं परत किती येतात यावर आमचं नाव वर जायचं. एका बाईनं मला विचारलं की पोराची फिटची गोळी बंद करू का, त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी काम सोडलं. ज्यांच्याकडनं पैसे घेतले त्यांचे आवाज अजून आठवतात.

पलूसकर६२
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. आमचे गुरुजी 101 रुपये घेतात, पत्रिका बघतात, कधी कुणाला घाबरवलं नाही.

मिरज_जंक्शन
काका तुमचे गुरुजी सज्जन असतील, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण 2008 साली पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी चाचणी घेतली होती, आपल्या शेजारच्या साताऱ्याचे डॉ. दाभोलकर पण होते त्यात. 100 हुशार मुलांच्या आणि 100 मतिमंद मुलांच्या पत्रिका होत्या, कुठली कुणाची ते ओळखायचं. 27 ज्योतिषांनी उत्तरं पाठवली, बरोबर आली 46 टक्के. नाणं उडवलं तरी निम्मी बरोबर येतात. मग ऑपरेशन करायचं का नाही हे त्यावर कसं ठरवायचं?

वाळव्याची_लेक
माझ्या आत्यानं छातीतली गाठ 8 महिने दाखवली नाही. फोनवरचा माणूस म्हणायचा ग्रह बदलला की विरघळेल. दाखवली तेव्हा उशीर झालता. मला आजही त्या माणसापेक्षा आमचा राग येतो कारण त्या 8 महिन्यात आम्ही घरचे सगळे तिच्याशी फक्त भांडलो, ती नक्की कशाला घाबरती हे कुणी विचारलंच नाही. तुम्ही विचारा. फोन हिसकावून घेऊ नका, चोरून बोलायला लागल्या की तुम्हाला काहीच कळणार नाही. आणि 14416 टेलीमानस आहे, सरकारची मानसिक त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, रात्री पण लागतो, मराठीत बोलतात. माणूस गेल्यावरचं दुःख त्यांच्याशी बोलता येतं, पहिल्यांदा तुम्हीच लावा हवं तर.

कृष्णाकाठचा
सगळ्यांचे आभार, तासगावच्या ताई तुमचे खास. काल रात्री गच्चीवर आईजवळ जाऊन बसलो, पैशाचा विषयच काढला नाही. तुला त्या बाईंकडनं काय ऐकायचं असतं एवढंच विचारलं. लय वेळ गप्प होती. मग म्हणाली, बाबा गेले तेव्हा मी दवाखान्याच्या खाली चहा आणायला गेलते, शेवटचं काय बोलले मला माहीत नाही.

मी तिथंच होतो हो. 9 महिने झाले, मी तिला कधी सांगितलंच नाही, तिनं विचारलं नाही म्हणून. बाबा म्हणाले होते तुझ्या आईनं सकाळपासून काय खाल्लं नाही, तिला घरी ने. काल सांगितलं. आम्ही दोघं 2 वाजेपर्यंत बसलो होतो.

ऑपरेशनला अजून नाहीच म्हणतेय. 1930 ला उद्या सकाळी लावायचंय, ती म्हणाली नंबर तू लाव, बोलते मी.