एथिकल कॉफी नक्की ओळखायची कशी? आणि नव्या प्रदेशांतली कॉफी घ्यावी का?

सकाळची_फेरी:
मंडळी, बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय, जाणकारांनी जरा प्रकाश टाकावा. मी बीन्स आणून घरीच दळते आणि हल्ली कुठलंही पाकीट उचला, त्यावर फेअरट्रेड, रेनफॉरेस्ट अलायन्स, डायरेक्ट ट्रेड, एथिकली सोर्स्ड असं काही ना काही लिहिलेलं असतंच. यातल्या कशाने शेतकऱ्याच्या हातात खरंच दोन पैसे जास्त पडतात? आणि दुसरं म्हणजे चीनचं युनान, पूर्व काँगो, आंध्रचं अराकू अशा ठिकाणची कॉफी आता सर्रास दिसते, जी आधी कधी ऐकिवातही नव्हती. ती घेतली तर तिथल्या लोकांचं भलं होतं की मागणी वाढली म्हणून उलट जंगलंच तुटतात? नुसतं मनाचं समाधान नकोय मला, जास्त पैसे मोजतेय तर ते योग्य हातात जावेत एवढंच.

हिशेबी:
सगळी लेबलं एकाच मापाने मोजू नका, त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फेअरट्रेडमध्ये किमान भाव ठरलेला असतो. वॉश्ड अरेबिकाला (अरेबिका ही कॉफीची जात, वॉश्ड म्हणजे गर धुऊन काढलेली) आधी पाउंडामागे 1.40 डॉलर होता, ऑगस्ट 2023 पासून 1.80 झाला, वर 20 सेंट प्रीमियम (संस्थेला सामूहिक कामांसाठी मिळणारी जादा रक्कम), आणि ऑरगॅनिक असेल तर अजून 40 सेंट. बाजार त्याच्या वर असेल तर बाजारभाव अधिक प्रीमियम द्यावा लागतो. म्हणजे ही सोय मुख्यतः पडत्या काळासाठी आहे आणि तो काळ किती वाईट असू शकतो हे बघायचं तर 1989 मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी कराराचे कोटे (कुठल्या देशाने किती निर्यात करायची याची मर्यादा) मोडले त्यानंतरचा इतिहास बघा, 2001 मध्ये न्यूयॉर्कच्या बाजारातला भाव पाउंडाला 50 सेंटच्याही खाली होता, उत्पादन खर्चसुद्धा निघत नव्हता, लोकांनी शेतं सोडून दिली. उलट फेब्रुवारी 2025 मध्ये तोच भाव 4 डॉलरच्या वर होता, तेव्हा किमान भावाचा काही संबंधच उरला नाही.

पण एक गोष्ट कोणी सांगत नाही, हा 1.80 म्हणजे एफओबी भाव आहे, बंदरात जहाजावर माल चढेपर्यंतचा. शेतकऱ्याच्या हातात पडतो तो त्यातून प्रोसेसिंग, वाहतूक, सहकारी संस्थेचा खर्च सगळं वजा जाऊन. आणि संस्थेचा सगळा माल फेअरट्रेड म्हणून विकला जातोच असं नाही, उरलेला साध्या भावात जातो.

रेनफॉरेस्ट अलायन्समध्ये (यूट्झ हे दुसरं लेबल 2018 मध्ये यांच्यातच विलीन झालं) किमान भाव नाहीये, त्यांचा भर शेतीची पद्धत, जंगल, मजुरांची परिस्थिती यावर असतो. खरेदीदाराने वर काहीतरी रक्कम देणं बंधनकारक आहे पण कॉफीसाठी ती किती हे आपापसात ठरतं. आणि डायरेक्ट ट्रेडला (कॉफी भाजणाऱ्याने शेतकऱ्याकडून थेट घेणं) तर कसलीच ठरलेली व्याख्या नाही, कोणीही छापू शकतं.

मंद_आच:
हिशेबींना अनुमोदन. मी छोट्या प्रमाणावर रोस्टिंग करतो त्यामुळे नव्या प्रदेशांबद्दल थोडं सविस्तर लिहितो.

माझ्या मते लेबलापेक्षा मोठा प्रश्न हा आहे की शेतकऱ्याच्या घरापासून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर वॉशिंग स्टेशन (चेरी म्हणजे कॉफीची फळं सोलून, धुऊन वाळवायची जागा) आहे का. चेरी तोडली की ती आंबायला लागते, त्याच दिवशी पल्पिंग (साल-गर काढणं) व्हावं लागतं. जवळ स्टेशन नसेल तर दारात जो व्यापारी येईल आणि जो भाव सांगेल तो मुकाट घ्यायचा, दुसरा इलाजच नसतो. रवांडात 2000 नंतर नेमकं हेच बदललं. त्याआधी शेतकरी घरीच कशीबशी सालं काढून माल विकायचे आणि तो हलका म्हणूनच जायचा. मग माराबासारख्या ठिकाणी सहकारी संस्था आणि वॉशिंग स्टेशनं उभी राहिली आणि 2008 मध्ये आफ्रिकेतली पहिली कप ऑफ एक्सलन्स ही कॉफीच्या चवीची स्पर्धा रवांडातच झाली. किवू तलावाच्या समोरच्या किनाऱ्यावर काँगोत मात्र युद्धाच्या काळात धड खरेदीदारच नव्हता, लोक रात्री होडीतून तलाव ओलांडून कॉफी चोरून रवांडात न्यायचे आणि त्यात कित्येकजण बुडून मेले. पाकिटावर किवू लिहिलेलं दिसलं की मला हे आठवतंच.

आता नव्या प्रदेशाची अडचण सांगतो. या भागात पोटॅटो डिफेक्ट म्हणून प्रकार आहे. अँटेस्टिया नावाचा ढेकणासारखा किडा चेरीला टोचतो आणि त्या दाण्यात वास धरतो. भाजलेला दाणा बघून काही कळत नाही, दळला की भसकन कच्च्या सोललेल्या बटाट्याचा वास येतो आणि तो अख्खा कप टाकून द्यावा लागतो. शेतकरी चेरी पाण्यात टाकून तरंगणाऱ्या काढतात, मग टेबलावर बायका तासन्‌तास हाताने निवडतात तरी एखादा सुटतोच. अशा एका कपावरून खरेदीदार पुढच्या वर्षी दुसऱ्या देशात जातात आणि इकडे स्टेशनचं कर्ज तसंच राहतं. म्हणून माझा नेहमीचा प्रश्न एकच असतो, या स्टेशनकडून सलग किती वर्षं घेताय? नव्या भागाला एका वर्षाचं कौतुक करणारे पुष्कळ भेटतात. गरज असते ती तिसऱ्या वर्षी, पीक थोडं कमी आलं तरी घेणाऱ्याची.

रानवाट:
जंगलाच्या प्रश्नाला सरसकट हो किंवा नाही असं उत्तर नाही देता येणार. व्हिएतनामच्या मध्य पठारावर 80-90 च्या दशकांत कॉफीसाठी प्रचंड जंगल गेलं हे खरंय. पण थायलंडमध्ये दोई तुंगला 1988 पासून अफूच्या जागी कॉफी आली आणि सोबत उजाड डोंगरांवर झाडंही लावली गेली. अराकूत आदिवासी कुटुंबं सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी करतात, त्याच झाडांवर मिरीचे वेल चढवतात म्हणजे दोन पिकांचा आधार, 2019 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनही मिळालं. युनानमध्ये बराचसा भाग कॅटिमोर या संकरित जातीचा, नेस्लेने 80 च्या दशकाच्या शेवटी तिथे काम सुरू केलं, तिथे शेतागणिक विचारायचं की सावली आहे की उघडं रान.

मला खरी काळजी वेगळीच आहे. तापमान वाढतंय तशी अरेबिका डोंगरात वर वर सरकणार आणि वर बहुतेक ठिकाणी जंगलच उरलंय. 2019 च्या एका अभ्यासात कॉफीच्या 124 जंगली प्रजातींपैकी 60 टक्के धोक्यात असल्याचं दिसलं. यातल्याच स्टेनोफिला वगैरे उष्णता सोसणाऱ्या आहेत, म्हणजे उद्या ज्यांच्या जिवावर कॉफी टिकवायची त्याच आपण आज तोडतोय.

युरोपचा नवा कायदा म्हणतो 31 डिसेंबर 2020 नंतर तोडलेल्या जंगलातली कॉफी चालणार नाही, प्रत्येक शेताचं लोकेशन द्या. हेतू चांगलाच आहे पण ज्याच्याकडे अर्धा एकर आणि साधा फोन आहे त्याच्या शेताची नोंद कोण करणार, त्याचा खर्च कोण देणार? तो खर्च खरेदीदाराने उचललाच पाहिजे, नाहीतर मोठे मळे तरतील आणि छोटे शेतकरी बाहेर फेकले जातील.

मृण्मयी_के:
सगळे शेतकऱ्याबद्दल बोलताय, तोडणीच्या मजुरांचं काय? ब्राझीलमध्ये कामगार निरीक्षकांनी कॉफीच्या मळ्यांवरून गुलामीसारख्या अवस्थेतून लोक सोडवलेत, सरकार अशा मालकांची यादी जाहीर करतं, आणि सर्टिफिकेट असलेल्या मळ्यांवरही हे सापडलंय. ऑडिटर ठरवून येतो, तोडणी संपल्यावर आला तर त्याला मजूर दिसणार कुठून? त्यामुळे लेबल बघून निर्धास्त होऊ नका.

सकाळची_फेरी:
सगळ्यांचे मनापासून आभार, केवढी माहिती मिळाली! मंद_आच, एफओबी आणि शेतकऱ्याला मिळालेला भाव असं रोस्टरला थेट विचारलं तर चालतं का, सांगतात का ते?

मंद_आच:
बिनधास्त विचारा. काहीजण एफओबी पाकिटावर किंवा साइटवर छापतातच. चेरीचा भाव विचारताना एवढं लक्षात ठेवा की साधारण 5-6 किलो चेरीतून 1 किलो ग्रीन बीन्स (न भाजलेले दाणे) निघतात, त्यामुळे चेरीच्या किलोचा भाव आणि एफओबी थेट शेजारी ठेवून तुलना करू नका. आणि मृण्मयींचा मुद्दा धरून मळ्याची कॉफी असेल तर तोडणीची मजुरी किलोवर देतात की दिवसावर हेही विचारा, आम्ही व्यापाऱ्याला विचारतो तेव्हा सर्वात जास्त आढेवेढे याच प्रश्नाला घेतले जातात.