आईसोबत अंदमान: हॅवलॉक की नील?

मदत हवी आहे. जानेवारीत आईला अंदमानला नेतोय, मोजून चार रात्री. भुसावळहून नवजीवनने चेन्नई, पुढे विमान, तिकिटं झालीत. आई सत्तरीची, शाकाहारी. सपाटीवर चालते, पण जिना दिसला की गुडघा धरते. सेल्युलर जेल बघायचंच आहे, स्कूबा वगैरे काही नको. (कळण्याची भाकरी मिळणार नाही हे तिला सांगून झालंय.)

एजंट हॅवलॉक आणि नील ही दोन्ही बेटं कोंबतोय, म्हणजे रोज बॅगा उचला. मला एकच बेट करायचंय. व्हिडिओ भरपूर पाहिले, त्यात समुद्र सगळे दाखवतात, जेट्टीच्या पायऱ्या कोणीच नाही. वयस्कर माणसांना नेलेल्यांनी सांगा: बोटीत चढउतार कुठे सोपी, हॅवलॉकला की नीलला? आणि सरकारी बोटीपेक्षा खासगी कॅटामरान (वेगवान बोट) त्यासाठी बरी पडते का?