‘सफर फ्रॉम’: ‘फ्रॉम’ कुठे हवे, कुठे नको आणि हे क्रियापदच कुठे नको?

अनुवादिका

नमस्कार. रुग्णांसाठीच्या माहितीपत्रकांचा मी मराठीतून इंग्रजीत अनुवाद करते. मूळ मजकुरात ‘त्यांना दमा आहे’, ‘हृदयविकाराचा झटका आला’, ‘डोक्याला मार लागला’, ‘मधुमेह जडला’ अशी निरनिराळी वाक्ये येतात, आणि इंग्रजीत उतरवताना मात्र या सगळ्यांसाठी ‘सफर फ्रॉम’ हाच प्रयोग हाताशी येतो. एका सहकाऱ्यांनी ‘सफर्ड फ्रॉम अ हार्ट अटॅक’ यातील ‘फ्रॉम’ काढायला सांगितले, तर दुसऱ्यांच्या मते ‘सफर्स फ्रॉम डायबिटीस’ हे वाक्य मुळापासून बदलायला हवे. यामागे काही नियम आहे, की हा निव्वळ रूढीचा भाग आहे?

शब्दपारखी

नियम आहे, आणि तो बऱ्यापैकी पाळलाही जातो. जो त्रास काही काळ टिकून राहतो किंवा पुन्हा पुन्हा उद्भवतो, म्हणजे दमा, अर्धशिशी, निद्रानाश, नैराश्य, त्याच्याआधी ‘फ्रॉम’ येते. उलट एखाद्या क्षणी कोसळलेला आघात, इजा, पराभव किंवा नुकसान असेल, तर ते क्रियापदाचे थेट कर्म होते आणि ‘फ्रॉम’ गळते. म्हणून ‘शी सफर्स फ्रॉम अस्थमा’, पण ‘ही सफर्ड अ हार्ट अटॅक’, ‘दे सफर्ड हेवी लॉसेस’. आपल्या सहकाऱ्यांची पहिली दुरुस्ती योग्यच आहे.

मराठी माणसाची खरी अडचण मात्र काळाची असते. ‘त्यांना तीन वर्षांपासून संधिवाताचा त्रास आहे’ असे आपण साध्या वर्तमानकाळात म्हणतो आणि त्याच सरावाने ‘इज सफरिंग फ्रॉम आर्थ्रायटिस सिन्स थ्री इयर्स’ लिहून मोकळे होतो. प्रमाण इंग्रजीला येथे ‘हॅज बीन सफरिंग’ लागते आणि कालावधी सांगायचा असल्यामुळे ‘सिन्स’ऐवजी ‘फॉर’ लागते. ‘सिन्स’ हे एखाद्या ठरावीक वर्षापासून किंवा दिवसापासून मोजायचे असेल तेव्हाच वापरावे. शिवाय जुनाट विकारासाठी ‘सफर्स’ आणि सध्या सुरू असलेल्या तात्पुरत्या दुखण्यासाठी ‘इज सफरिंग’ हा भेदही सांभाळावा.

रजेच्या अर्जातले ‘आय अ‍ॅम सफरिंग फ्रॉम फीव्हर’ व्याकरणाला धरून आहे, पण इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस साध्या तापासाठी ‘आय हॅव अ फीव्हर’ एवढेच म्हणेल.

जुना वाचक

वरील नियमाला व्युत्पत्तीचाही आधार आहे. हे क्रियापद ज्या लॅटिन धातूवरून आले, त्याचा अर्थ ‘खालून पेलणे, वाहणे’ असा आहे. जे पेलावे लागते ते थेट कर्म होते, आणि पीडा जेथून उद्भवते ते मूळ ‘फ्रॉम’ने दाखवले जाते. 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये हेच क्रियापद ‘होऊ देणे, येऊ देणे’ या अर्थानेही आले आहे; तो अर्थ आता जवळजवळ लोपला आहे.

परिचारिका

दुसऱ्या सहकाऱ्यांचा आक्षेप व्याकरणाचा नसून वृत्तीचा आहे, आणि माझ्या मते तो अधिक महत्त्वाचा आहे. 1983 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे एड्स झालेल्या व्यक्तींनी एक जाहीरनामा काढून ‘आम्हाला बळी म्हणू नका, आम्ही एड्स असलेली माणसे आहोत’ अशा आशयाची भूमिका मांडली. पुढे ‘पीपल लिव्हिंग विथ एचआयव्ही’ हा प्रयोग रूढ झाला, आणि आज इंग्रजीतील अनेक लेखन-मार्गदर्शिका ‘सफर्स फ्रॉम’ऐवजी ‘हॅज’ वापरा असे सांगतात.

वैद्यकीयदृष्ट्याही या सूचनेत तथ्य आहे. उच्च रक्तदाब असलेल्या पुष्कळ व्यक्तींना कोणतेही लक्षण जाणवत नाही. मधुमेहही कित्येकदा रक्ततपासणीतच उघडकीला येतो. ज्याला काहीच होत नाही तो ‘सोसतो आहे’ असे आपण परस्पर कसे लिहावे? मराठीतले ‘मधुमेहग्रस्त’, ‘पीडित’ हे शब्दही मला याच कारणासाठी खटकतात. ‘त्यांना मधुमेह आहे’ ही आपली साधी रचना कितीतरी निर्मळ आहे. मात्र तीव्र अर्धशिशीची रुग्ण स्वतः ‘आय सफर’ म्हणत असेल, तर शिष्टाचारापोटी ते ‘हॅज’ करून तिची वेदना सौम्य करू नये.

अनुवादिका

सर्वांची आभारी आहे. ‘डायबिटीस’च्या वाक्यात आता ‘हॅव’ घेते. आणखी एक शंका आहे: दुष्काळ, गरिबी, टंचाई अशा हालअपेष्टांनाही हाच नियम लागू पडतो का?

शब्दपारखी

बहुतांशी पडतो. दीर्घकाळ चालणाऱ्या दुष्काळासाठी किंवा टंचाईसाठी ‘सफर फ्रॉम’, आणि एकदाच झालेल्या हानीसाठी ‘फ्रॉम’शिवाय ‘सफर’. निर्जीव गोष्टींच्या बाबतीत मात्र अर्थ सरकतो, याकडे लक्ष असू द्यावे. ‘द रिपोर्ट सफर्स फ्रॉम पुअर एडिटिंग’ म्हणजे अहवालात सदोष संपादनाचा दोष आहे, तर ‘हर वर्क सफर्ड’ म्हणजे तिच्या कामाचा दर्जा खालावला. या दुसऱ्या वाक्याचा ‘तिच्या कामाला त्रास झाला’ असा अनुवाद मी छापील मजकुरातही पाहिला आहे. तेथे ‘तिच्या कामावर परिणाम झाला’ असे लिहिले की पुरते.